उघडीप किती दिवसांची?

अंतरवाली सराटी हे नाव महाराष्ट्राला माहीत झाले २०२३ साली. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या या गावात मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि वडीगोद्रीजवळच्या या लहानशा गावाकडे साऱ्या राज्याचे डोळे लागले. मंडप दिसला, गर्दी दिसली, नेत्यांच्या गाड्या दिसल्या. त्या गर्दीच्या डोक्यावरच्या आभाळाची नोंद मात्र दुसऱ्याच वहीत झाली. भारतीय हवामान विभागाकडे देशाच्या पावसाचे १९०१ पासूनचे सलग आकडे आहेत. त्या सगळ्या वर्षांत २०२३ इतका कोरडा ऑगस्ट एकही नव्हता. देशात या महिन्यात सरासरी २५५ मिलिमीटर पडतो, त्या वर्षी पडला १६३ च्या आसपास. तूट ३६ टक्के. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत अंबड होता.

आरक्षणाच्या मागणीला स्वतःचा मोठा इतिहास आहे आणि तिची चिकित्सा करण्याची ही जागा नव्हे. पण त्या चर्चेत शेती परवडत नाही हे वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिले. त्या वाक्यामागे भाव आहे, कर्ज आहे, पिढ्यांमागून पिढ्या वाटली जाऊन तुकडे झालेली जमीन आहे, आणि पाऊसही आहे. पावसाचा हा धागा धरून मागे मागे गेले तर तो सह्याद्री ओलांडतो, दोन समुद्र ओलांडतो आणि थेट पेरू देशाच्या किनाऱ्यापर्यंत जातो. हे पुस्तक त्या धाग्याविषयी आहे. मराठीत पावसावर लिहिणाऱ्यांना कोकण आणि घाटमाथा जितका दिसला तितका मराठवाडा दिसला नाही असे मला वाटते. म्हणून मान्सूनची ही ओळख गोदाकाठच्या एका शिवारात उभे राहून करून द्यायची आहे.

त्या शिवारात पाऊस येतो कुठून, इथून सुरुवात करू. मे संपत आला की सगळ्यांचे लक्ष केरळकडे लागते. १ जून ही तिथली सरासरी तारीख. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेस, मास्कारेन बेटांच्या परिसरात हवेचा दाब या दिवसांत जास्त असतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना लागून सोमालियाजवळ त्यांचा वेगवान झोत होतो आणि तो झोत अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्या किनाऱ्यावर येतो. पण सह्याद्री चढताना त्याचे बरेचसे पाणी तिथेच सांडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. जालना जिल्ह्याच्या वाट्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सहाशेच्या आसपास येतो. दोन्हींमधले सरळ रेषेतले अंतर तीनशे किलोमीटरसुद्धा नाही.

अंबडच्या रानात झड लागते ती बहुतेकदा पूर्वेकडून आलेल्या ढगांनी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर येतात आणि पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकत मध्य भारत पार करतात. त्यांतले एखादे जरा दक्षिणेकडची वाट धरून आले की मराठवाडा भिजतो. तेच छत्तीसगडवरून मध्य प्रदेशात शिरले तर पूर्व विदर्भ चिंब होतो आणि इकडे नुसते ढग येऊन जातात. म्हणून केरळची तारीख अंबडच्या शेतकऱ्याला फारशी उपयोगाची नाही. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची आधीची नोंद नाही. पुढे मात्र जूनच्या मध्यापर्यंत तो महाराष्ट्रातच अडून बसला, आणि पेरणीची घाई करू नका असे कृषी विभागाला सांगत राहावे लागले. आगमनाच्या तारखेचा आणि हंगामाच्या एकूण पावसाचा संबंध अगदी सैल असतो. तरी दरवर्षी त्या एका तारखेचा गाजावाजा होतो आणि बंगालच्या उपसागरात काय चालले आहे हे बातम्यांत शेवटी, जमले तर, सांगितले जाते.

पाण्याची दुसरी वाट जमिनीवरची. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि नाशिक-अहिल्यानगरच्या पश्चिम डोंगराळ भागात पडलेले पाणी घेऊन पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, येते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. पैठणचा डावा कालवा अंबड तालुक्यातून पुढे घनसावंगी, परतूरकडे जातो. अरबी समुद्राचे जे बाष्प आभाळातून अंबडला पोचत नाही ते असे नदीने आणि कालव्याने पोचते. पण त्या वाटेवर आधी नाशिक आणि अहिल्यानगरची धरणे आहेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद केली, मेंढेगिरी समितीने त्याचे सूत्र घातले: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. तुटीच्या वर्षी हे प्रकरण न्यायालयात जाते. घाटमाथ्यावर जुलैत कसा पाऊस झाला यावर अंबडच्या उसाचे आणि मोसंबीचे पुढचे वर्ष ठरते, आणि मधल्या माणसांच्या भांडणावरही.

आता मुळात हा पाऊस का पडतो? शाळेत आपण सगळे एकच उत्तर शिकलो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट हवा येते. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये हे मांडले आणि त्यात तथ्य आहेच. पण मराठवाड्याच्या माणसाने या उत्तराला एक प्रश्न विचारायला हवा. जमीन सर्वांत जास्त तापते मेमध्ये, आणि सर्वांत जास्त पाऊस पडतो जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन निवाल्यावर. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी जमीन आणखी तापलेली असते. नुसत्या तापण्याने पाऊस येत असता तर दुष्काळाने स्वतःच स्वतःचा शेवट केला असता. हा प्रश्न ठामपणे विचारणाऱ्यांमध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ होत्या. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये त्यांनी उपग्रहांची चित्रे वापरून दाखवले की विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती जो ढगांचा पट्टा असतो, तोच उन्हाळ्यात भारताच्या रेखांशांवर उत्तरेकडे सरकून मध्य भारतावर येतो. आपला पावसाळा म्हणजे त्या पट्ट्याचा मुक्काम. तो एकदा येऊन स्थिर राहत नाही. विषुववृत्ताकडून ढगांची नवी लाट उत्तरेकडे येते, पट्ट्याला बळ देते, मग ती विरते, पुन्हा दुसरी येते. मधल्या रिकाम्या दिवसांना आपण उघडीप म्हणतो, लांबली तर खंड म्हणतो. सुलोचनाबाई २०२५ च्या जुलैत गेल्या. कर्नाटकात पावगड्याच्या भुईमूग उत्पादकांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ शोधण्याचे काम त्यांनी केले होते. माझ्या लेखी त्यांच्या समीकरणांइतकेच ते महत्त्वाचे आहे, कारण पावसाचे शास्त्र शेताच्या बांधापर्यंत नेण्याची वाट त्यात आहे.

पट्ट्याचा मुक्काम एखाद्या वर्षी अर्धवट का राहतो, हा शोध दुष्काळांनी सुरू करायला लावला. १८७५ मध्ये हवामान विभाग स्थापन झाला आणि लगेच १८७६ ते ७८ चा महाभयंकर दुष्काळ दख्खनवर आला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फाचा आणि पावसाचा संबंध पाहिला: डोंगरांवर बर्फ जास्त, तर पुढचा पावसाळा अशक्त. त्यावरून १८८६ पासून अधिकृत अंदाज येऊ लागले. १८९९ मध्ये अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला दुष्काळ, छप्पनचा म्हणून जो लोकांच्या तोंडी राहिला तो. जालना-अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण आभाळाला राज्यांच्या सीमा नव्हत्या. या अपयशानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर विभागाचे प्रमुख झाले. ते हवामानतज्ज्ञ नव्हते, केंब्रिजचे गणिती होते. त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि कारकुनांकडून हाताने हजारो परस्परसंबंध काढून घेतले. त्या ढिगातून एक रचना वर आली. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे वाढतो. भारताचा पाऊस या हेलकाव्याबरोबर कमीजास्त होतो. १९२४ मध्ये त्यांनी या हेलकाव्याला नाव दिले. मराठीत आपण त्याला दक्षिणी दोलन म्हणतो. असे का होते हे त्यांना सांगता आले नाही, आणि त्यावरून त्यांच्या कामाकडे पुष्कळांनी संशयाने पाहिले.

कारण सापडायला आणखी ४५ वर्षे लागली. १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी वॉकर यांचे दोलन आणि पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र अधूनमधून तापण्याची घटना, म्हणजे एल निनो, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असल्याचे दाखवले. एरवी प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे वरचे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. पेरूकडे खालून थंड पाणी वर येते आणि हवा खाली बसते. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे सरकते, त्याच्याबरोबर ढग उभे राहण्याची जागाही सरकते. मग इंडोनेशियावर आणि काही वेळा भारतावर हवा खाली दबते. खाली दबणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. अंबडला दुपारी काळे ढग दिसावेत आणि संध्याकाळपर्यंत विरून जावेत, यामागे पंधरा हजार किलोमीटरवरच्या पाण्याची हालचाल असू शकते.

असू शकते असे मुद्दाम म्हटले, कारण इथे फार घाईने निष्कर्ष काढले जातात. एल निनो म्हटले की दुष्काळ अशी आता बातम्यांची सवय झाली आहे. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ या वर्षांनी ती सवय लावली. पण १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी होता आणि त्या वर्षी भारताचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. उलट जालना जिल्ह्याची मोसंबी जिने मोडली ती २०१२ ची तूट, आणि मराठवाड्याला होरपळवणारे २०१४ साल, ही दोन्ही पूर्ण एल निनोची वर्षे नव्हती. त्या २०१२-१३ मध्ये या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी वाढवलेल्या बागा स्वतःच्या हाताने तोडल्या. मोसंबीचे झाड एका हंगामाचे नसते. त्याला वर्षानुवर्षे जपावे लागते, ताण देऊन बहार धरावा लागतो, आणि एका उन्हाळ्यात पाणी तुटले की सगळे वाया जाते. १९९७ चे कोडे सोडवताना हिंदी महासागराकडे लक्ष गेले. साजी, गोस्वामी, यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की हिंदी महासागरालाही स्वतःचा हेलकावा आहे: कधी आफ्रिकेकडची बाजू गरम, कधी सुमात्राकडची. पश्चिम बाजू गरम असली तर ती एल निनोचा मार काही वेळा सोसून घेते. २०१९ मध्ये या हेलकाव्याने जोर धरला आणि देशाचा पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला. २०२३ मध्येही पश्चिम बाजू गरम झाली होती, पण तिचा खरा जोर पावसाळा सरत आल्यावर आला. ऑगस्टला तिचा उपयोग झाला नाही.

त्या ऑगस्टकडे पुन्हा येऊ, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथे आहे. २०२३ चा हंगाम देशभरात सरासरीच्या ९४ टक्के झाला. हा आकडा वाचून काही अनर्थ घडला असे वाटत नाही. आत पाहिले तर जून ९ टक्के कमी, जुलै १३ टक्के जास्त, ऑगस्ट ३६ टक्के कमी, सप्टेंबर १३ टक्के जास्त. जूनमध्ये अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने बाष्प ओढून नेले, मान्सून महाराष्ट्रात पसरायला २५ जून उजाडला आणि पेरण्या लांबल्या. जूनअखेरीस किंवा जुलैत पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलावर येते आणि मग शेंगा भरू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत पावसाने खंड दिला. फुले गळाली, शेंगा लागल्या त्या पोचट राहिल्या. सप्टेंबरमध्ये पाऊस आला, सरासरीचा आकडा सावरला, सोयाबीन सावरले नाही. कापसाचे मूळ खोल जाते म्हणून तो थोडा तग धरतो, तूर त्याहून चिवट. पण मूग, उडीद आणि सोयाबीन यांच्यासाठी चार महिन्यांची बेरीज हा निरुपयोगी आकडा आहे. त्यांना कोणत्या तीन आठवड्यांत पाऊस नव्हता ते महत्त्वाचे.

खंडाच्या काळात ढग नाहीसे झालेले नसतात, त्यांनी जागा बदललेली असते. मान्सूनचा कमी दाबाचा आस मध्य भारतावरून उचलला जाऊन हिमालयाच्या पायथ्याशी जातो. मैदाने कोरडी पडतात आणि डोंगरांवर पाऊस कोसळतो. २०२३ च्या ऑगस्टच्या मध्यात शिमल्यात दरडी कोसळून माणसे गेली, समर हिलचे शिवमंदिर ढिगाऱ्याखाली गेले. मराठवाड्यात त्याच आठवड्यात शेतकरी आभाळाकडे पाहत होते. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या. त्यांचे कारण एकच होते. हा आस कधी वर जाईल आणि कधी परतेल, हे विषुववृत्तावरून पूर्वेकडे फिरणाऱ्या ढगांच्या एका मोठ्या लाटेवर बरेचसे अवलंबून असते. अमेरिकेतल्या मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये ती शोधली. तिची एक फेरी तीस ते साठ दिवसांत होते. ती हिंदी महासागरात असली की आपल्याकडे पाऊस जोमात, प्रशांत महासागरात गेली की उघडीप. एल निनो उघडिपी लांबवायला मदत करतो. हंगामाचा अंदाज आणि उघडिपीचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची गरज शेताला जास्त आहे.

धाग्याचे दुसरे टोक बाजारात आहे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो खडी फोडण्याच्या कामांनी, सुकडीने आणि लाल मिलो ज्वारीने. रोजगार हमी योजना त्यातून उभी राहिली आणि परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच साली स्थापन झाले. त्याच एल निनोने पेरूच्या समुद्रातली मासेमारी बुडवली. १९७० मध्ये तिथे एक कोटी वीस लाख टनांहून जास्त अँकोव्ही मासळी निघाली होती. ती १९७३ मध्ये वीस लाखांच्या आसपास आली. आधीच्या बेसुमार मासेमारीचाही त्यात वाटा होता. या मासळीची भुकटी जगभरच्या कोंबड्यांचे आणि डुकरांचे खाद्य होती. ती मिळेना तेव्हा सोयाबीनच्या पेंडेवर झुंबड उडाली, भाव भडकले, अमेरिकेने १९७३ च्या जूनमध्ये सोयाबीनची निर्यात रोखली. अडचणीत आलेल्या जपानने मग ब्राझीलच्या सेराडो माळरानावर सोयाबीन वाढवायला भांडवल घातले. आज ब्राझील आणि अर्जेंटिनाचे पीक कसे येते यावर जालना-लातूरच्या आडतीत पेंडेचा आणि पर्यायाने सोयाबीनचा भाव हलतो. अर्जेंटिनाचे आभाळही त्याच प्रशांत महासागराशी बांधलेले आहे, पण उलट्या बाजूने. ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती, आली की आपल्याकडे साधारणपणे पाऊस बरा असतो आणि तिकडे दुष्काळ पडतो. एल निनो आला की तिकडे पाऊस होतो. २०२२-२३ मध्ये ला निनाच्या तिसऱ्या वर्षी अर्जेंटिनाचे सोयाबीन निम्म्यावर आले होते. पुढच्या, एल निनोच्या हंगामात ते दुपटीच्या आसपास गेले. म्हणजे ज्या वर्षी अंबडच्या शेंगा पोचट राहिल्या, त्याच हंगामात जगाच्या बाजारात माल वाढला. खाद्यतेलाच्या आयातीचे धोरणही भावाला खाली ओढत होते, ते वेगळे. २०२४ च्या खरिपात ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात क्विंटलला चार-सव्वाचार हजार मिळत होते. एकच समुद्र एका शेतकऱ्याला दोनदा मारतो: आधी पिकात, मग भावात. मान्सूनवरच्या पुस्तकात बाजाराचे प्रकरण का घातले, याचे कारण हे आहे.

तापमानवाढीने या सगळ्याच्या खालची जमीनच हलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ दरम्यान १.२ अंश सेल्सियसने तापला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तीर्ण अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हेही त्यांच्याच २०१७ च्या अभ्यासातले. दुसरीकडे १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा एकूण पाऊस सहा टक्क्यांच्या आसपास घटला, आणि त्यात हवेतल्या धूलिकणांचा, धुराचा हात असल्याचे मानले जाते. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ती ते जास्त काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. खंडही लांब आणि पाऊसही बेफाम, हे दोन्ही एकाच शेतात, कधी एकाच हंगामात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने त्याचे दुसरे रूप पाहिले. उभे सोयाबीन पाण्यात कुजले, काही ठिकाणी वरची माती वाहून गेली, जायकवाडीचे दरवाजे उघडून गोदावरीत प्रचंड विसर्ग करावा लागला आणि नदीकाठच्या गावांतून माणसे हलवावी लागली. दोनच वर्षांपूर्वी हीच राने भेगाळली होती.

अंदाजाच्या शास्त्राने या काळात बरीच मजल मारली आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यात घडला. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून शिमला ऑफिस म्हणतात. वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले आणि चौदा वर्षे देशाने त्यावर भरवसा ठेवला. २००२ मध्ये अंदाज सरासरी पावसाचा होता, जुलै निम्मा कोरडा गेला आणि ते प्रारूप बदलावे लागले. गोवारीकरांच्या कामाला त्यामुळे कमीपणा येत नाही; समुद्र आणि वातावरण स्वतः बदलत असताना जुन्या आकड्यांवर बसवलेले कोणतेही सूत्र कधी ना कधी निसटणार होते. २०१२ च्या मान्सून मिशननंतर समुद्र आणि हवा एकत्र चालवणारी संगणकीय प्रारूपे आली. आता हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. पहिले दोन आठवडे तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो, पुढे अंधूक होत जातो. मराठवाड्याला सर्वांत उपयोगी असा हा अंदाज, आणि गावात सर्वांत कमी ऐकू येणारा. पंचांगातली नक्षत्रांची वाहने, भेंडवळची घटमांडणी आणि मोबाइलवर फिरणारे नाव नसलेले अंदाज गुरुवारच्या त्या पत्रकाच्या आधी पोचतात. लोक अडाणी आहेत म्हणून असे होते, हे मला मान्य नाही. ते अंदाज ओळखीच्या भाषेत, शेताच्या शब्दांत बोलतात. पत्रक टक्केवारीत आणि उपविभागांत बोलते.

हे अंतर किती महागात पडते ते २०२३ च्या पीक विम्याने दाखवले. महसूल मंडळात सलग २१ दिवस पावसाचा खंड पडला तर नुकसानीची २५ टक्के आगाऊ भरपाई द्यायची, अशी तरतूद तेव्हा होती. मंडळ म्हणजे कितीतरी गावे, आणि मोजणारे यंत्र एका ठिकाणी. यंत्रावर एक सर पडली की मोजणी तुटणार, मग शेजारच्या शिवारात थेंब का पडलेला नसेना. त्या सप्टेंबरभर मराठवाड्यात एकवीस हा आकडा गावोगावच्या चर्चेत होता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने विम्यातले हे निकष काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. खंड आता कागदावरून गेला आहे, रानातून गेलेला नाही.

पुढच्या प्रकरणांत समुद्र, वारे, बर्फ, ढग आणि बाजार यांचा एकेक करून विचार आहे. वाचकाने क्रमाने वाचावे असा आग्रह नाही. ज्याची पेरणी तोंडावर आली आहे त्याने बंगालच्या उपसागराचे आणि उघडिपीचे प्रकरण आधी वाचावे. तिथे काळ्या जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर ओल झाल्याशिवाय चाड्यावर मूठ का धरू नये, आणि परभणीच्या विद्यापीठाने सुचवलेल्या रुंद वरंबा-सरीने खंडात ओल कशी टिकते व अतिवृष्टीत पाणी कसे निघून जाते, हे सांगितले आहे. शिक्षकांना मी एक विनंती करीन: शाळेत पर्जन्यमापक बसवा आणि मुलांकडून रोजची नोंद ठेवून घ्या. गावाचा स्वतःचा पाऊस गावाच्या वहीत असेल तर मंडळाच्या आकड्याशी भांडायला काही हाती राहील.

३१ जुलै २०२३ रोजी हवामान विभागाने ऑगस्टमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता वर्तवली होती. तूट इतकी मोठी असेल हे त्यांना दिसले नव्हते, पण दिशा बरोबर होती. ते पत्रक अंबडच्या शेतकऱ्यापर्यंत त्याच आठवड्यात, त्याच्या भाषेत, चुकण्याच्या शक्यतेसकट पोचले असते, तर पाऊस काही वाढला नसता. पण ज्यांच्या विहिरीत तेव्हा थोडे पाणी होते, त्यांनी त्यातली एक पाळी सोयाबीनला शेंगा भरण्याच्या दिवसांसाठी राखून ठेवली असती.